वार्निशखालची सोआझिग

आझेनोरने धुतलेले शर्ट टेबलावर ठेवले, आणि नेहमीसारखीच ती आजही बसली नाही.

आई गेल्यापासून चार महिने ती दर शनिवारी येत होती. मळके कपडे न्यायची, धुतलेले ठेवायची, चुलीवर सूपचं भांडं चढवून द्यायची. पण त्या घरातल्या खुर्चीला तिने पाठ टेकवली नव्हती. तिचा बाप तांगी खिडकीपाशी बसून समुद्राकडे बघत राहायचा. बत्तीस वर्षं त्याने आपल्या चित्रांत हाच किनारा रंगवला होता, आणि आता त्या किनाऱ्याकडे बघताना त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटायची...

त्या दिवशी मात्र त्याने तोंड उघडलं. नगरभवनातून चिठ्ठी आली आहे, म्हणाला. नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला मोठे साहेब येणार आहेत आणि सभागृहातल्या त्याच्या ‘ओहोटी’ या चित्रावर डाग पडलाय, तो गुरुवारच्या आत घालवायचा आहे.

आझेनोरने सूपच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

“मग घालवा की,” ती म्हणाली. “नको असलेलं पुसून टाकायला तुमचा हात बसलेलाच आहे.”

“कोणी सांगितलं तुला?”

“बार्बामावशीने. आईला पुरून परत येताना. आईने तर मरेपर्यंत सांगितलं नाही.”

तिच्या लाकडी बुटांचा आवाज पायऱ्यांवरून उतरत गेला. तांगी तिथेच बसून राहिला. मुलीला जे कळलं होतं ते तर होतंच. पण जे बार्बालाही ठाऊक नव्हतं, ते फक्त त्याला आणि मातीखाली गेलेल्या त्याच्या बायकोला, सोआझिगला ठाऊक होतं!

सोआझिग तारलीच्या कारखान्यात कामाला होती. नावा धक्क्याला लागल्या की कारखान्याची घंटा वाजायची, आणि मग हातातला घास टाकून बायका धावत सुटायच्या. दिवसभर उभं राहून मासे साफ करायचे, तळायचे, डब्यांत शेपटीला डोकं लावून रचायचे. मिठाच्या पाण्याने तिची बोटं चिरायची. त्या बोटांनी ती घरी आल्यावर तांगीचे ब्रश धुवायची. लग्नात तिने बापाला सांगितलं होतं, तो रंगवेल, मी कमवेन, तुम्ही काळजी करू नका. गावातल्या बाया तिला चिडवायच्या, “काय गं, तुझा नवरा आज समुद्र पकडायला गेला का? जाळ्यात किती लाटा आल्या?” ती हसायची आणि म्हणायची, “तुमच्या नवऱ्यांचे मासे दुसऱ्या दिवशी नासतात. माझ्या नवऱ्याच्या लाटा टिकतात.”

‘ओहोटी’ त्याने आझेनोर जन्मली त्या साली रंगवलं. समोर दूरवर मागे सरकलेलं पाणी, ओली राखाडी वाळू, आणि त्या वाळूतून कारखान्यातून घरी येणारी सोआझिग. डोक्यावर पांढरी कडक टोपी, खांद्यावर शाल, छातीशी बाळ. ओहोटीची वेळ थोडी, म्हणून ती अकरा दिवस रोज तेवढाच वेळ गार वाळूत अनवाणी उभी राहिली. तांगीला त्याच वेळी समजलं होतं की एवढं खरं चित्र आपल्या हातून पुन्हा होणार नाही.

ते कँपेर शहरातल्या प्रदर्शनात लागलं. पहिल्या दिवशी तो जेवणाची पुरचुंडी घरीच विसरला. सोआझिगने बाळाला शेजारणीकडे ठेवलं, टोपीला नव्याने खळ लावली आणि बार्बाला सोबत घेऊन ती बसने गेली. चांगला झगा घातला होता तरी हातांचा माशाचा वास जात नाही. तो त्या किनाऱ्यावरच्या कुठल्याच बाईचा जात नाही. ती दालनात शिरली तेव्हा तांगी गावच्या सभागृहासाठी चित्र निवडायला आलेल्या एका गृहस्थांशी बोलत होता. त्या गृहस्थांनी नाकाशी रुमाल नेला आणि विचारलं, “ह्या बाई कोण?”

“आमच्याकडे कामाला येतात,” तांगी म्हणाला. “ब्रश धुवायला.”

सोआझिगने ऐकलं. बार्बानेही ऐकलं, आणि ती पुढे होणार तोच सोआझिगने तिचा दंड धरला. मग तिने पुरचुंडी बाकावर ठेवली, मान जराशी लववली आणि म्हणाली, “साहेब, जेवण ठेवलंय.”

नवऱ्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून तिने स्वतःलाच मोलकरीण करून घेतलं! घरी आल्यावर ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. आणि तो... त्यानेही विषय काढला नाही. आज काढू, उद्या काढू, असं करत सत्तावीस वर्षं गेली.

पण ते तिथे संपलं नव्हतं. त्या गृहस्थांचा निरोप आला की चित्र घेऊ, समुद्र फार छान आहे, पण ती कारखान्यातली बाई नको. तसल्या बाया गावात रोज दिसतात, भिंतीवर कशाला? प्रदर्शन संपून चित्र घरी आलं होतं, आणि त्यांचा माणूस दुपारी ते न्यायला येणार होता. तांगीने सकाळी रंग कालवला. चित्रावर वार्निश चढलेलं होतं. वार्निशवर रंग धरत नाही, वर्षांनी तडकतो, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं, पण वार्निश उतरवायला वेळ नव्हता. एका तासात त्याने तिच्यावर आणि बाळावर ओली वाळू आणि उथळ पाणी चढवलं. सोआझिग शेजारीच उभी होती. “पाणी चांगलं उतरलंय,” एवढंच ती म्हणाली. आणि ज्या ब्रशने त्याने तिला पुसलं, तो ब्रश तिनेच धुतला.

सोमवारी तो रंगांची पेटी घेऊन नगरभवनात गेला. तिथला कारकून नुकताच रेन शहरातून बदलून आलेला, कुणाला न ओळखणारा मुलगा होता. त्याने चित्राकडे बोट केलं. “हे बघा. कुणी म्हणतं बुरशी, कुणी म्हणतं बगळा.”

तडकलेल्या वाळूतून एक पांढरा ठिपका वर आला होता. तांगी चित्राच्या अगदी जवळ गेला. ती टोपी होती. चार महिन्यांपूर्वी शवपेटीत त्याने स्वतः सोआझिगच्या केसांवर ठेवली, तशीच टोपी.

एक थर चढवायला अर्धा तास पुरला असता. पेटीत रंगही होता... त्याने चित्र खाली उतरवलं, टेबलावर आडवं ठेवलं, फडक्यावर टर्पेंटाइन घेतलं, आणि तो वाळू उतरवू लागला. वार्निशवरचा रंग पापुद्र्यांनी सुटत होता. तेव्हा केलेली चूक आता त्याला साथ देत होती.

“अहो, तुम्ही डाग वाढवताय!” कारकून घाबरला.

“तो डाग नाही,” तांगी म्हणाला. “ती माझी बायको आहे.”

तांगी चित्रातल्या बायकोवर फडकं फिरवतोय, ही बातमी कारखान्यापर्यंत जायला वेळ लागला नाही. जेवणाच्या सुट्टीत आझेनोर तशीच आली, ओल्या ॲप्रनमध्ये, लाकडी बूट वाजवत. म्हातारा पुन्हा आईला पुसतोय, असंच तिला वाटलं होतं.

“हात काढा तिथून,” ती दारातूनच म्हणाली.

तांगीने हात काढला. आझेनोर जवळ आली आणि थबकली. आईचा चेहरा उघडा पडला होता. थकलेला, तरुण, तिच्या स्वतःच्या आजच्या वयाचा. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिने छातीजवळच्या अजून झाकलेल्या भागाकडे बोट केलं. शालीखाली काय आहे, टोपली का, तिने विचारलं.

“टोपली नाही.” तांगीला तिच्याकडे बघवेना. “तू आहेस. साडेतीन महिन्यांची. मी फक्त तिलाच नाही पुसलं, पोरी... तुलाही पुसलं. आणि तिने ते उभं राहून बघितलं.”

बाहेर धक्क्यावर गलबत लागल्याचा गलका झाला, तोही विरला. मग तिने टेबलावरचं फडकं उचललं, टर्पेंटाइनमध्ये बुडवलं, आई पिळायची तसं दोन बोटांत पिळलं आणि बापापुढे धरलं.

“घ्या,” ती म्हणाली. “अर्ध्यावर नका सोडू. मला माझं तोंड बघायचंय.”

तांगीचे डोळे इतके भरून आले की त्याला काही दिसेना, म्हणून तिनेच कॅनव्हासची कड धरून ठेवली. हळूहळू शालीचा काठ आला, मग एक इवलीशी मूठ.

माशाचा वास सभागृहभर पसरला होता. वरच्यांना विचारायला गेलेला कारकून परत आला, त्याने हळूच खिडकी उघडली आणि अदबीने विचारलं, “ह्या बाई कोण?”

तांगी ताठ उभा राहिला. तोच प्रश्न, सत्तावीस वर्षांनी.

“ही माझी मुलगी,” तो म्हणाला. “तारलीच्या कारखान्यात कामाला आहे. हिची आईही तिथेच होती.”

आझेनोरने ॲप्रनच्या खिशातून आपली पुरचुंडी काढली. पाव होता, खारं लोणी होतं. तिने पावाचे दोन तुकडे केले, खुर्ची ओढली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती बापाजवळ बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “जेवण आणलंय.”