शेवटून दुसरी

तो दुकानात शिरला तेव्हा मी दातांत दोरा धरून एका पँटची उंची कमी करत होते.

"हे जाकीट काखेत घट्ट होतंय," तो म्हणाला. "आज गुरुवार... रविवारी हवंय."

जाकीट नारिंगी होतं आणि पाठीवर ठळक अक्षरांत 'शेवटचा सोबती' असं लिहिलेलं. ते वाचून मी हसले, मग तोही हसला, आणि त्यानंतर मला सुईत दोरा ओवता येईना.

"तलावावरच्या ट्रायथलॉनसाठी आहे," तो म्हणाला. "सगळ्यांत मागे जो असेल त्याच्याबरोबर राहायचं. पाण्यात होडीतून, मग सायकलवर, मग पायी. सहा वर्षं हेच करतोय. तुम्ही का येत नाही? एक जागा रिकामी झालीय. अर्ज संध्याकाळपर्यंत घेतील."

"मी?"

"रोज सकाळी जलतरण तलावात चाळीस फेऱ्या पोहता की. मी शेजारच्याच पट्ट्यात असतो. टोपी-चष्म्यात तुम्ही मला ओळखलं नाहीत."

आतून इस्त्री करता करता आई म्हणाली, "ही बसच्या मागेसुद्धा धावत नाही."

"धावू नका, चाला," तो म्हणाला. "पाणी कोमट असतं. रस्ता सपाट, दुतर्फा झाडं. आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तिथे कोणी खुर्चीसुद्धा हलवत नाही. तीन दिवसांत तयारी होत नाही, कबूल... पण यावं अशी स्पर्धा आहे. खरंच."

ते 'खरंच' म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. मग एकदम माझ्या गळ्यातल्या मापाच्या टेपकडे बघायला लागला. हा स्पर्धेला बोलावत होता की आणखी कशाला? मला काही कळेना. न कळताच मी अर्ज भरला.

रविवारी पाण्यात मी बरी होते. सायकलवर मात्र सगळे भराभर पुढे गेले. माझी सायकल घर ते दुकान एवढीच चालणारी, पुढे टोपली असलेली. थोड्याच वेळात मागून आवाज आला.

"टोपलीत काय आहे?"

"केळी... टेप आणि सुईदोरा."

"सुईदोरा कशाला?"

"तुमचं जाकीट उसवलं तर," मी म्हणाले आणि जीभ चावली.

वीस किलोमीटर तो बोलत राहिला. त्याच्या औषधांच्या दुकानातल्या गमती सांगितल्या. मला आवडता रंग विचारला, तर मी दुकानातल्या रिळांची यादी सांगत बसले. मजा येत होती, पण मनात एकच किडा वळवळत होता. हा माझ्याबरोबर आहे की शेवटच्या माणसाबरोबर? माझ्या जागी एखादे टकले साहेब असते, तर त्यांनाही याने आवडता रंग विचारला असता का?

पायी जायच्या टप्प्याचं शेवटचं किलोमीटर उरलं, तेव्हा पुढे पोस्टातून रिटायर झालेले एक काका कमरेवर हात ठेवून चाललेले दिसले. त्यांना गाठणं अवघड नव्हतं. पण गाठलं की शेवटचे ते, आणि सोबतीही त्यांचा. मी हळू झाले. काकाही हळू झाले. मी लेस बांधायला वाकले, तर काका थांबून मागे बघायला लागले.

"तुमची लेस सुटलेली नाही," तो म्हणाला.

"...माहीत आहे."

"मग काकांना मागे टाका ना. जमेल तुम्हाला."

म्हणजे याला माझा कंटाळा आला होता. मला इतका राग आला की जन्मात धावले नव्हते तशी धावले. एकदाच वळून पाहिलं. तो काकांच्या शेजारी होता, मान हलवत बोलत होता.

मी शेवटून दुसरी आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गळ्यात पदक पडलं आणि मी रडायला लागले.

"आता काय झालं?" बघायला आलेल्या आईने विचारलं.

"कळत नाही गं."

मग ते दोघे आले. काका टाळ्यांमधून थेट माझ्याकडे आले. "अख्खं किलोमीटर तुझंच पुराण ऐकलं बाई. मला धाप लागलीय, हेसुद्धा याला दिसलं नाही."

तो जाकीट काढत होता.

"मला पुढे का पाठवलंत?" मी विचारलं.

"तुम्ही शेवटच्या राहिला असता, तर मी ड्यूटी म्हणून बरोबर होतो असं वाटलं असतं तुम्हाला. आता तुम्ही शेवटच्या नाही, आणि माझी ड्यूटीही संपली. आता मी..." तो अडखळला. "मला तुम्ही आवडता. टोपी-चष्म्यातसुद्धा."

मलाही तो आवडत होता, गुरुवारपासून. पण ते कसं म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी जाकीट हातात घेतलं.

"पुढच्या वर्षी हे कोण घालणार?"

"मीच."

"नाही. मी हे काकांच्या मापाचं करते. तुम्ही माझ्याबरोबर पाण्यात उतरायचं."

काकांनी निमूटपणे हात वर केले. सायकलच्या टोपलीतून आणलेल्या टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं त्याने. माप किती आलं, ते मात्र आम्हा दोघांनाही वाचता येईना.