खो देऊन बसायचं असतं

मेंदूविज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत शर्वरी मोहिते खुर्चीत ताठ बसली होती, आणि तिला उठवायला तीन माणसं आणि एक यंत्र सकाळपासून राबत होतं. यंत्र म्हणजे तिच्या पाठीला बांधलेला काळा पट्टा. त्याचं नाव आरंभपट्टा. तीन माणसं म्हणजे डॉ. नंदिता रेगे, यंत्रमानव बनवायची नोकरी सोडून इथे आलेला इरफान तांबोळी आणि शर्वरीची आई मंगलताई. पैकी मंगलताईंना एका क्षणात हे जमलं असतं, पण त्यांना हात लावायची बंदी होती.

चार वर्षांपूर्वी खो-खोच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात शर्वरीने खांबावर सूर मारला. पळणारी बाद झाली, सामना जिंकला आणि शर्वरीचं डोकं खांबावर आपटलं. त्यानंतर ती जिथे बसवाल तिथे बसून राहू लागली. बोलेना, उठेना, समोरचा घास उचलेना. महिनाभराने संघातल्या मुली दवाखान्यात भेटायला आल्या. त्यातल्या एका वात्रट मुलीने मागून पाठीवर थाप मारून "खो" म्हटलं. शर्वरी सलाइनच्या स्टँडसकट उठली आणि म्हणाली, "बाद झाली का ती?"

डॉक्टरांनी अहवालात काय लिहिलं ते मंगलताईंना कळलं नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की लेक आत शाबूत आहे. आणि अजून खेळाडू आहे.

"पाय ठीक आहेत ना तिचे?" इरफानने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"तुझ्या-माझ्यापेक्षा चांगले."

"मग इच्छाच होत नाही?"

"होते. तांब्याकडे बघते तेव्हा इच्छेची लहर स्वच्छ दिसते," डॉ. रेगे म्हणाल्या. "इच्छा झाल्यावर कृतीला सुरुवात करून देणारा मेंदूचा एक चिमूटभर भाग असतो. हिचा तेवढाच गेलाय. याला आपण आरंभलोप म्हणतो. पण बाहेरून हाक आली, स्पर्श झाला, की कृती दुसऱ्या वाटेने सुरू होते. ती वाट धड आहे."

म्हणून चार वर्षं मंगलताई ती वाट तुडवत होत्या. उठायला खो, घास घ्यायला खो, बोलायला खो. उठलेल्या मुलीला परत बसवायलाही खो. आता त्यांचे दोन्ही गुडघे बदलायचे होते आणि त्या शस्त्रक्रिया पुढे ढकलत होत्या. दोन महिने मी आडवी पडले तर हिला खो कोण देणार, असं त्या म्हणत. कायमची आडवी झाले तर, हे म्हणत नसत. ते डॉ. रेग्यांना न बोलता ऐकू यायचं.

आरंभपट्ट्याची कल्पना साधी होती. डोक्यावरचे टिपक इच्छेची लहर टिपणार आणि पट्टा पाठीवर थाप देऊन कानाशी "खो" म्हणणार. म्हणजे शर्वरीची इच्छा तिच्याच पाठीमागून येऊन तिला उठवणार. कागदावर बिनचूक. खुर्चीतली शर्वरी मात्र हलत नव्हती. इरफानने थाप वाढवली, आवाजाच्या जागी मंगलताईंचा ध्वनिमुद्रित आवाज घातला. काही नाही.

"आणखी जोरात मार, म्हणजे माझ्या आधी तीच दवाखान्यात," मंगलताई म्हणाल्या.

डॉ. रेगे पडद्यावरच्या आलेखाकडे वाकल्या. शर्वरी उठत नव्हती तेव्हा तिचा मेंदू गप्प नव्हता. हाक पोचत होती, आणि पाठोपाठ एक जाडजूड रोधलहर उसळत होती. घोड्याचा लगाम खेचावा तशी.

"हिला उठता येत नाही असं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "ही उठायला नकार देतेय. मंगलताई, हिला विचारा, का म्हणून."

इतक्या दिवसांत हे कोणाला सुचलं नव्हतं. मंगलताई मागे गेल्या, हात ठेवला, खो म्हणाल्या.

"फाऊल आहे," शर्वरी म्हणाली. "शब्द हाताच्या आधी येतोय. अशा खोवर मी उठणार नाही."

इरफानने मोजलं. पट्ट्यातली थाप देणारी चकती हलायला डोळ्याची पापणी लवायच्या निम्मा वेळ घेत होती, आवाज मात्र लगेच निघत होता. कोणत्याही पंचाला ते कळलं नसतं. मंगलताईंनी पदराने चष्मा पुसला आणि कोणीही न विचारता सांगितलं, की तिच्या अख्ख्या कारकिर्दीत बिनखोचं उठल्याचा एक फाऊल नाही. एकही नाही.

आवाज थोडा उशिरा केल्यावर शर्वरी उठली. तांब्यापर्यंत गेली, पट्ट्याने परत खो दिला, ती पाणी प्यायली, आणखी एक खो, ती बसली. प्रत्येक कृतीला एक. इरफान खूश होता. मंगलताईंनी शस्त्रक्रियेची तारीख घेतली.

शस्त्रक्रिया त्याच इमारतीत झाली. दुसऱ्या दिवशी मंगलताईंना उभं करायचं होतं, आणि चार वर्षं दुसऱ्याला उठवणारी ही बाई काही केल्या उठेना. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. उद्या बघू, म्हणत होत्या. गुडघे भक्कम होते, पण भीती त्यांच्याहून भक्कम होती. व्यायाम घेणारी मुलगी समजावून थकली.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून शर्वरी बघत होती, आणि पट्ट्याची नोंद घ्यायला आलेले इरफान आणि डॉ. रेगे दारात उभे होते. पट्ट्याने खो दिला. शर्वरी उठली, पलंगाला वळसा घालून आईच्या मागे गेली. आईच्या पाठीवर हात ठेवला.

"खो."

मंगलताई उठल्या. आपण उठलोय हे त्यांना उभं राहिल्यावर कळलं. आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर शर्वरी चटकन बसली.

इरफान हातातल्या नोंदयंत्राकडे बघतच राहिला. "मॅडम, पट्ट्याने एकच खो दिलाय. खुर्चीतून उठायचा. आईकडे जाणं, बोलणं, बसणं... यातलं काहीच आपण दिलेलं नाही."

डॉ. रेग्यांनी नोंदयंत्र हातात घेऊन पाहिलं. मग हसल्या. "आपण चार वर्षं तिला अर्धाच खेळ खेळायला लावला. खो घ्यायचा, धावायचं, पुढच्या गड्याला खो द्यायचा, त्याच्या जागी बसायचं. हे तिच्या मेंदूत एकच कृती म्हणून कोरलेलं आहे. मोडलीय ती सुरुवात. पुढची साखळी अखंड आहे. फक्त तिच्यापुढे खो द्यायला कोणी बसलेलंच नव्हतं."

त्यांनी छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर आरंभलोपाचा कक्ष होता. आठ खाटा, आठ माणसं. खिडकीकडे, दाराकडे तोंड करून, कोणाच्या तरी हाकेची वाट बघत बसलेली.

"इरफान, खो-खोच्या चौकांत किती जण बसतात रे?"

"आठ. नववा धावतो."

"उद्या सकाळी शर्वरीला वर घेऊन जायचं. प्रशिक्षक म्हणून. आणि रुग्णांच्या यादीतून तिचं नाव काढ."

मंगलताई नव्या गुडघ्यांवर उभ्या होत्या, एका हाताने पलंगाचा दांडा धरून. त्यांना रडू येत होतं, म्हणून त्या लेकीवर खेकसल्या. "ऊठ आता. माझी जागा आहे ती."

शर्वरी तशीच बसून राहिली, पाठ ताठ, तळवे जमिनीकडे, नजर समोर. पट्ट्याने तिची इच्छा टिपली आणि तिच्या मागून हळूच थाप दिली.

"खो दे मग," ती म्हणाली. "आणि या वेळी दिल्यावर बस. चार वर्षं उभीच राहतेयस. पंच असते तर केव्हाच फाऊल दिला असता."

मंगलताई दांडा सोडून एकेक पाऊल टाकत लेकीच्या मागे गेल्या. आधी हात ठेवला.