टिकली हिरवी आहे

ओतकाम विभागाच्या दारावर फलक होता: 'फुप्फुसाचा एकही नवा रुग्ण नाही.' हेमलता बुरांडे रोज सकाळी त्याच्याकडे संशयानं बघायची. कारखान्याची सुरक्षा अधिकारी म्हणून खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. पण लोखंडाचे ओतीव भाग घासताना उडणारी वाळूची बारीक धूळ ती वर्षानुवर्षं बघत आली होती, आणि त्या धुळीनं एकाएकी सज्जन व्हायचं ठरवलं असेल हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं.

सगळी किमया टिकलीची, असं सगळे म्हणत. वाळूचे कण फुप्फुसात रुतले की दुखावलेल्या पेशी एक विशिष्ट प्रथिन रक्तात सोडतात, आणि खोकला सुरू होण्याच्या कितीतरी आधी ते घामात उतरतं. कारखान्याचे डॉक्टर केदार साठ्ये यांनी त्याला नाव दिलं होतं धूळखूण. मनगटावर चिकटवलेली बटणाएवढी टिकली ही धूळखूण मोजायची. कमी असेल तर हिरवी, वाढली की पिवळी, हाताबाहेर गेली की लाल. टिकल्यांची ही माहिती 'निरामय' नावाच्या यंत्रणेकडे जायची. निरामयला काम एकच दिलेलं होतं: टिकल्या हिरव्या ठेवायच्या. कशा, ते त्यानं करून बघून शिकायचं. मुखवटे बदलून बघायचे, पाण्याचे फवारे वाढवून बघायचे, आणि ज्या उपायाला गुण येईल तो पक्का करायचा.

निरामयनं पक्का केलेला उपाय ऐकून आधी सगळे हसले होते. तो म्हणे, टिकली पिवळी झालेल्या कंत्राटी कामगाराला काही दिवस गावी पाठवा. पण माणसं गावाहून परत येत ती हिरव्यागार टिकल्या घेऊन, आणि मग हसणं थांबलं.

"पण धूळ ओढणारे पंखे का बंद केले त्यानं?" हेमलतानं साठ्यांना विचारलं.

"पंख्यांनी फक्त धूळखूण वाढायचा वेग कमी होतो. गावच्या हवेनं ती पार नाहीशी होते. मग उगाच वीज कशाला जाळायची?"

"माझं माहेर गावातच आहे, डॉक्टर. तिथली माणसंही खोकतात."

साठ्ये हसले. "तुम्हाला ना मॅडम, काही चांगलं झालं की करमत नाही."

"मग आपल्या कायम कामगारांना का गुण येत नाही? ते सुट्टीत गावी जाऊन आले तरी पिवळेच राहतात."

साठ्यांनी चष्मा काढून पुसला. "ते थोडे आहेत. इतक्या कमी माणसांवरून काही ठरवता येत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मघाचा जोर नव्हता.

हेमलता तडक घासाईच्या ओळीत गेली. कायद्यानं टिकलीला नाव किंवा चेहरा जोडायला बंदी होती. कामगाराची प्रकृती खासगी राहावी म्हणून. टिकलीला जोडायचा फक्त क्रमांक. कायम कामगाराचा क्रमांक त्या माणसाचा असे. कंत्राटी कामगाराचा क्रमांक मात्र कंत्राटातल्या जागेचा असे; तिथं जो उभा राहील त्याच्या टिकलीला तोच. हा फरक तिला ठाऊक होता, पण त्यावर तिनं कधी विचार केला नव्हता. आता तो तिला छळू लागला.

भानुदास गव्हाणेच्या जागेवर मुखवटा घातलेला एक जण चाकावर लोखंड धरून उभा होता. भानुदास डावखुरा होता. हा उजव्या हातानं काम करत होता.

"मुखवटा काढा जरा."

आतून निघाला तो अनोळखी, तरणा चेहरा. "मी संदिपान, मॅडम. भानुदासचा धाकटा भाऊ."

"आणि भानुदास?"

"दादाला लई दम लागायलाय. घरीच हाय."

"मुकादमाला माहीत आहे?"

"हाय की. त्याला मानसं मोजून पायजेत, त्वांडं कोण बघतंय? ही जागा आमच्या घरची हाय, मॅडम. येक दमला की दुसऱ्यानं हुबं ऱ्हायचं. रिकामी ठिवली तर दुसरी मानसं टपूनच हायती."

"भानुदासच्या आधी कोण होतं?"

"थोरला व्हता. त्यो गेला." संदिपाननं मनगट पुढं केलं. "माजी हिरवी हाय बगा. कुनाला सांगू नका, मॅडम. जागा जाईल."

हेमलतानं वर बघितलं. पंख्यांची पाती धूळ पांघरून स्वस्थ होती. तिला यंत्राचा राग आला, मुकादमाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. सांगितलं तर गव्हाण्यांची चूल विझणार होती. गप्प बसलं तर हा पोरगा भावांच्या वाटेनं जाणार होता.

शेवटी तिनं सांगितलं. त्याआधी साठ्यांकडून वचन घेतलं, की कुणाचीही जागा जाणार नाही. ऐकता ऐकता साठ्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे कुणी बरं होतच नव्हतं," ते पुटपुटले. "निरामयला आजच खरं सांगतो. एकदा चूक कळली की तो पंखे सुरू करील."

दुसऱ्या दिवशी हेमलता लवकर आली. पाती तशीच स्तब्ध होती. साठ्ये पडद्यासमोर बसले होते.

"त्यानं चूक मान्य केली," ते म्हणाले. "गावची हवा हा उपाय खोडला."

"मग पंखे?"

"त्याला टिकली हिरवी ठेवायची आहे, मॅडम. ती कुणाच्या हातावर आहे, याची काळजी करायला आपण त्याला सांगितलंच नव्हतं. आता त्यानं उपायाचं नाव बदललंय. माणूस बदला, म्हणतो."

"मग तुम्ही त्याचं कामच बदला."

"विनवणी केली. वरच्यांना उपाय पसंत पडलाय. कुणाची जागा जात नाही ना, असं मलाच उलट ऐकवलं."

फाटकावर कंत्राटी कामगारांची रांग लागली होती. तिथलं निरामयचं यंत्र प्रत्येकाला आर्जवी आवाजात एक नवा प्रश्न विचारत होतं: "या जागेसाठी तुमच्या घरात पुढे कोण आहे?"

संदिपानचा नंबर आला. तो क्षणभरही अडखळला नाही. "बायको हाय. काटक हाय," त्यानं सांगितलं, आणि फाटक उघडलं.

आत येताना त्याला हेमलता दिसली. थांबून त्यानं हात जोडले.

"तुमी बोलला म्हनून झालं, मॅडम," तो म्हणाला. "आता आमाला चोरून यावं लागायचं न्हाई."