आधी हॅश, मग कमांड

दिवा राहू दे, पण तो लॅपटॉप मिट. उद्या तुला ऑफिसात सांगायचंय ना, सर्व्हरवर कुठली सिस्टिम टाकायची ते? मग आज माझं ऐक. आणि तू रे, चुळबुळ करायची असेल तर आत्ताच आत जाऊन झोप. मधेच उठून पाणी मागायचं नाही.

माझा साडू तुम्हाला माहीतच आहे. आता बोलतो तरी दबकून. तेव्हा चाळिशीचा होता, हुशार, आणि हुशारीचा तोराही होता. तीन मजली इस्पितळाचा सर्व्हर सांभाळायचा. कुठल्या पेशंटला कुठलं औषध, किती आणि किती वाजता, सगळं त्या एका मशीनवर. नर्स स्क्रीन बघितल्याशिवाय डोस देत नसत.

हे काम त्याला मास्तरांनी शिकवलं. शाळेतले मास्तर नव्हेत. वीस वर्षं तो सर्व्हर त्यांनी सांभाळला, म्हणून सगळेच त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकायचं नाही, लहानपणी दारात चेंगरलं होतं. बटण दाबताना बोटाची कडच लागायची.

मास्तरांची एक खोड होती. धोक्याची कमांड लिहायची असली, की आधी हॅशची खूण टाकायची, ती दोन उभ्या नि दोन आडव्या रेघांची जाळी. ओळीच्या सुरुवातीला हॅश असली, की मशीन ती ओळ सोडून देतं, करत काहीच नाही. मग मास्तर ती ओळ मोठ्याने वाचायचे. एकदा, पुन्हा एकदा. मग हॅश खोडायची आणि एंटर.

साडू हसायचा. "मास्तर, तुम्ही कुलूप लावून तीनदा ओढून बघणाऱ्यातले."

"बघतो बाबा," मास्तर म्हणायचे. "माझ्या घरी चोरी झालेली ऐकलीस कधी?"

पुढे त्या जुन्या सिस्टिमचे सुरक्षेचे अपडेट बंद व्हायची वेळ आली. बदलणं भाग होतं. मास्तर तेव्हा आजारी, अंथरुणावर. साडू त्यांना विचारायला गेला.

"त्याच घराण्यातली पुढची घे," मास्तर म्हणाले. "कंटाळवाणी आहे, पण दहा वर्षं निवांत झोपशील."

साडूला हवी होती दुसरीच, नवी, चकचकीत, दर सहा महिन्यांनी बदलणारी. शब्दाने शब्द वाढला. साडू बोलून गेला, "तुमचा काळ संपला, मास्तर."

मास्तर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "नवी सिस्टिम डिस्कना नंबर कसे देते, बघितलंस?"

साडू तसाच उठून आला. पंधरा दिवसांत मास्तर गेले. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, पोरांनो. तो त्याला अजून खातो.

आता ती रात्र. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, वेळ चुकीची सांगणार नाही. अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री बारा वाजता साडूने सर्व्हर बंद केला. पहाटे चारपर्यंत नर्सनी कागदावर काम चालवायचं, आणि चारच्या डोसांआधी स्क्रीन चालू झालेच पाहिजेत, असं ठरलेलं.

मशीनमध्ये दोन डिस्क. पहिलीवर जुनी सिस्टिम, ती पुसायची. दुसरीवर सगळ्या पेशंटच्या नोंदी. त्या नोंदींची ताजी प्रत बाहेर काढून ठेवायला दोन तास लागले असते. मास्तरांनी ती काढल्याशिवाय मशीनला हात लावू दिला नसता. साडूने ते दोन तास वाचवले.

मास्तरांचा जुना कीबोर्ड त्याने आधीच फेकला होता. नव्याचं खोकं तिथेच फोडलं. नेटवर्कची वायर काढली, म्हणजे बाहेरून कुणी मशीनमध्ये शिरू शकत नाही. दाराला आतून कडी. पेनड्राइव्हवरून नवी सिस्टिम सुरू करण्यातच दोन तास गेले. मग कमांड लिहिली, पहिली डिस्क पूस.

दोन वाजून दहा मिनिटं. एंटर.

काहीच झालं नाही.

बघतो तर ओळीच्या सुरुवातीला हॅश. त्याला वाटलं, इतकी वर्षं मास्तरांचं बघून आपलाही हात गेला असेल. खोडली. पुन्हा एंटर.

काहीच नाही. पुन्हा हॅश.

आता घाम फुटला. सगळी ओळ पुसली. एकेक अक्षर बघून नव्याने लिहिली. स्क्रीन बघितला. हॅश नव्हती. त्याने हात कपाळाला लावले, घाम पुसला, मांडीवर ठेवले.

टक्.

तीनचं बटण. ज्यावर हॅश असते ते. खाली गेलं... आणि सावकाश वर आलं.

हात मांडीवरच होते. दोन्ही.

ओळीच्या सुरुवातीला... हॅश.

खोलीत फक्त पंख्यांची घरघर. मागे बघायची हिंमत नाही. किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. मग त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. ती ओळ मोठ्याने वाचली. एकदा.

पुन्हा एकदा. "पहिली डिस्क..."

तिथेच थांबला.

मास्तरांचा प्रश्न आठवला. त्याने डिस्कची यादी काढली. नव्या सिस्टिमने नंबर उलटे दिले होते. हिची पहिली डिस्क... ती नोंदींची. तीन मजल्यांवरच्या एकेका पेशंटची.

"मास्तर," तो म्हणाला. "माझं चुकलं."



त्याने पेनड्राइव्ह उपसला आणि जुनीच सिस्टिम परत सुरू केली. तीन वाजून वीस मिनिटांनी वॉर्डातले स्क्रीन लागले. चारचे डोस वेळेवर गेले. महिन्याभराने मास्तरांनी सांगितलेली, ती कंटाळवाणी सिस्टिमच टाकली. आधी प्रत काढून.

पण बुधवारी सकाळी मी दुकान उघडतो न उघडतो तोच साडू दारात. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कीबोर्ड. "काही बोलू नका," म्हणाला. "आधी भिंग लावून बघा. खोकं काल रात्रीच फोडलंय."

मी भिंग लावलं. सगळी अक्षरं कोरी करकरीत. फक्त तीनच्या बटणावरची हॅश गेलेली. खरवडली असती तर ओरखडे दिसले असते. एकही नव्हता. ती झिजली होती, बटण गुळगुळीत झालेलं, आणि झीज तिरकी, एकाच बाजूने. बोटाच्या कडेने दाबल्यासारखी.

चाळीस वर्षं मी घड्याळांची झीज बघतोय. एवढं झिजायला वीस वर्षं लागतात.