डोंग्या कापतो, तळं हिरवं होतं

पहाटे तोंडं वर काढून हवा गिळणारे मासे.
कापलेल्या पानांचा ओला वास.
"काम फत्ते!" असं ओरडणारा पत्र्याचा आवाज.
पुन्हा हिरवंगार झालेलं तळं.

ही सगळी एकाच कोड्याची टोकं होती आणि ते कोडं पौर्णिमाला छळत होतं. तिच्या आईने गावतळ्यात बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडली होती. तणाने पाणी झाकलं की ऊन आत जात नाही, हवा पाण्यात मिसळत नाही. असंच चाललं तर पिल्लं गुदमरून मरणार होती. म्हणून तर मच्छीमार संस्थेने तण कापणारा तरंगता यंत्रमानव आणला होता. त्याचं नाव डोंग्या. पण तो रोज कापायचा, तरी तण वाढतच होतं.

"काहून रे, कापतो का पेरतो?" आईने टोमणा मारला.

"कापतो, काकू! अगदी बारीक बारीक," डोंग्या ऐटीत म्हणाला.

बारीक? पौर्णिमा थबकली.

"डोंग्या, हे तण कोणतं?"

"पानं टिकलीएवढी नाहीत. कोबीच्या गड्ड्यासारखीही नाहीत, म्हणजे ती दोन तणं बाद. देठ फुगीर. जलपर्णी!"

तिने देठ मोडला. आत स्पंज, हवेने भरलेला. म्हणून ती तरंगते तर! मग तिने एक रोप उचललं, तर मागोमाग दुसरंही आलं. दोघांना जोडणारं होतं धावतं खोड (आडवं वाढून टोकाला नवं रोप धरणारं).

पौर्णिमाने एका टबात नुसती पानं टाकली, दुसऱ्यात खोडाचे तुकडे.

काही दिवसांत पानं कुजली.

तुकड्यांना कोंब फुटले.

डोंग्याचे दिवे मंदावले. "म्हणजे एका रोपाची मी कितीतरी रोपं केली?"

"आणि वर काम फत्ते!" पौर्णिमा खदखदून हसली. "आता कापायचं नाही. अख्खं ओढायचं. पण कशाने?"

"महाजाळ काय लोणच्याला ठेवलंय?" आई म्हणाली. "मासे वेढतो, तसंच तण वेढू."

जाळ्याचं एक टोक संस्थेतल्या बायांनी धरलं, दुसरं डोंग्याने. जलपर्णी मुळांसकट काठावर आली. पाण्यात परत घरंगळू नये म्हणून ढीग लांब रचला.

"गावचं सांडपाणी तळ्यात येतं, तेच तिचं खत," डोंग्या म्हणाला. "ते अडवायला हवं."

"ग्रामसभेत मी बोलते," आई म्हणाली.

मोकळ्या पाण्यात ऊन उतरलं. काही दिवसांनी पहाटे एकही मासा वर आला नाही. पिल्लं खाली खोलात हुंदडत होती.

"जलपर्णी खाणारे भुंगेही असतात म्हणे," पौर्णिमा म्हणाली. "त्यांना इथे सोडू या का?"

या तळ्यात जलपर्णीचं पहिलं रोपही असंच कुणीतरी सोडलं होतं, फूल सुंदर दिसतं म्हणून.