आलेखावरचा पाहुणा

हे घडलंय. माझ्या घरात, माझ्या माणसांच्या बाबतीत घडलंय. पटत नसेल तर इथूनच मागे फिरा, मी अडवणार नाही.

यात मध्यरात्र नाही, ओसाड बंगलाही नाही. टळटळीत दुपार होती आणि माणसांनी भरलेला कारखाना होता.

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, त्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत बसायच्या. हे पार दुसऱ्या टोकाला, वाळूच्या खोलीत. दोघांचे डबे मात्र माझ्या एकटीच्या हातचे, आणि दोघांचीही भाजीला नावं ठेवायची पद्धत एकच.

तिथे रेडिओसाठी फिल्टर बनतात. नखाएवढी स्फटिकाची चकती असते. तिच्या अंगावरून एक लहर धावते. आवाजाचीच लहर, फक्त कानाला ऐकू न येणारी. हवा तो सिग्नल पुढे जातो, नको तो मागे राहतो. पण थोडी लहर चकतीच्या पोटात उतरते, तळावर आपटते आणि उशिरानं वर येते. मग स्क्रीनवरच्या आलेखात नको तिथे एक सुळका उभा राहतो.

त्याला सगळे 'पाहुणा' म्हणायचे. न बोलावता आलेला आणि हाकलल्याशिवाय न जाणारा.

त्याला घालवायचे दोन उपाय. आधी वाळूचा झोत मारून चकतीची पाठ खरखरीत करायची. ते काम ह्यांचं. तरीही पाहुणा उरलाच, तर चकतीच्या कडेला काळा, मऊ गोंद लावायचा. गोंद ती लहर गिळून टाकतो. ते काम वन्संचं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

वाळूची खोली म्हणजे लोखंडी कोठडीच. आत एक माणूस, डोक्यावर टोप, हातात नळी. झोत चालू ठेवायला पायाखालचा खटका सतत दाबून धरावा लागतो. पाय भरून येतो, म्हणून जो तो खटक्यावर वीट ठेवून मोकळा व्हायचा.

ह्यांच्या आधी तिथे एक दांडगा माणूस होता. पैलवान म्हणायचे त्याला. एकदा त्याच्या हातून नळी सुटली. वीट खटक्यावर तशीच, आणि दाराची कडी बाहेरून पडलेली. दार ठोकून ठोकून त्याच्या मुठी फुटल्या, आतली हाडं दिसायला लागली... झोताला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत कुणाला काही ऐकूच गेलं नाही. दार उघडलं तेव्हा तो गेलेला होता.

त्यानंतर दाराला नवा रंग लागला. वीट तीच राहिली.

त्या दुपारी डबे खाऊन हे आत गेले. वन्संनी मशीनवर चकती लावली.

आलेखात पाहुणा आला.

पण पाहुणा एकदा उभा राहिला की हलत नाही. हा हलत होता... वर उसळायचा, खाली बसायचा. जरा थांबून पुन्हा उसळायचा.

वन्संनी चकती बदलली. तेच.

वायर बदलली. तेच.

मग त्यांनी सिग्नल देणारी वायरच उपटून टाकली. आता स्क्रीनवर काही दिसायलाच नको होतं.

सुळका उसळला... आधीपेक्षा उंच.

त्यांनी चकतीवर अंगठा टेकवला. आतून ठोसा बसला. कळ पार कोपरापर्यंत गेली.

"साहेब, जरा बघता का? हे काही बरं दिसत नाही," त्यांनी सुपरवायझरला हाक मारली.

"बाई, माल न्यायला गाडी दारात उभी आहे. पाहुण्याची चौकशी कसली करताय? घालवा त्याला."

"अहो, वायर काढलीय मी."

"मग मशीनला खाज सुटली असेल. गोंद लावा आणि द्या पुढे."

वन्संना राग आला होता, भीतीही वाटत होती. त्यांनी गोंद लावला. सुळका वाकला, पण गेला नाही. आता तो वेड्यासारखा आपटत होता. चकतीला तडा गेला आणि एक कपची उडून वन्संच्या गालात घुसली. रक्त टेबलावर ठिबकलं. मग मात्र त्या हट्टाला पेटल्या. गोंदाचा मोठा गोळा घेतला, चकतीवर थापला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

अंगठ्याखाली काहीतरी तडफडलं...

मग थांबलं.

आलेख स्वच्छ झाला. वन्संनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, कॉम्प्रेसरची घरघर अजून सुरूच होती. भाऊ इतका वेळ आत कधीच राहायचा नाही.

त्या धावल्या. कडी बाहेरून पडलेली. दार उघडताच वाळूचा फटका तोंडावर बसला. आत नळी भिंतीवर, छतावर, जमिनीवर आपटत होती. वन्संनी लाथेनं वीट उडवली.

हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाठीवर शर्ट नव्हता. कातडीही नव्हती.

हे वाचले. बोलायला लागले त्या दिवशी वन्सं उशाशी बसून रडत म्हणाल्या, "एवढं दार ठोकलं असशील रे, आणि मला कळलंच नाही."

"मी कुठे ठोकलं, ताई? नळी सुटली आणि तिच्या पहिल्याच फटक्यात पडलो. हात उचलता येत नव्हता."

ह्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"तो ठोकत होता. माझ्या आणि झोताच्या मध्ये उभा राहून. मुठींची हाडं दिसत होती त्याच्या... तो होता तोवर मला वाळूचा कणही लागला नाही."

"मग?"

"मग त्याच्या तोंडात काळं काहीतरी भरत गेलं. डोळ्यांत भरलं. कुणीतरी त्याला दाबलं, ताई. तो गेला, आणि मग झोत माझ्यावर आला."

वन्सं आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. नखाच्या कडेला गोंद अजून होता.

तो आजही आहे. घासून घासून त्यांनी नख काढलं, तरी काळी कड जात नाही. मला त्यांचा राग येतो, आणि राग येतो याची लाजही वाटते.

ह्यांच्या पाठीला मी रोज मलम लावते. कधीकधी तळव्याखाली, नव्या कातडीच्या आतून... ठोके लागतात. हृदयाचे नव्हेत, ते मला ओळखता येतात. मी दाबत नाही. हात उचलते आणि आधी जाऊन घराची सगळी दारं उघडी टाकते.

एरवी ठोके थोड्या वेळानं थांबायचे.

परवापासून थांबतच नाहीत. दारं सताड उघडी टाकून मी ह्यांच्या शेजारी बसलेय, उघडायला एकही दार उरलं नाही, आणि पैलवान आता कशासाठी ठोकतोय ते मला कळत नाही.