चौदा किलो तीनशे

"माझ्यावर चोरीचा आळ आलाय, आणि माझ्याकडे फक्त संध्याकाळी सहापर्यंत वेळ आहे," दारातल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या चपलांतून पाणी गळत होतं.

वहिनींनी घड्याळ पाहिलं. अकराला दहा मिनिटं कमी होती.

"मग उभ्या का? बसा आणि भरभर सांगा."

वहिनींनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी जळलेली गोदामं आणि बुडालेली दुकानं पाहिली होती. खोटं बोलणाऱ्या माणसांचा त्यांना कंटाळा येत नसे, म्हणून नोकरी सुटल्यावर त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणे, पण खरे दीर एकच, भावजी. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आणि वहिनींचे सहायक. माणूस कामाचा होता, फक्त काम कोणतं ते दर वेळी सांगावं लागे.

बाई रुग्णालयाच्या कपड्यांच्या धुलाई कारखान्यात होत्या. शस्त्रक्रियेला लागणारे कपडे तिथे धुऊन, वाफेवर निर्जंतुक होऊन जात.

"आज पहाटे रस्त्याखालची मोठी जलवाहिनी फुटली. बॉयलरच्या खोलीत कमरेइतकं पाणी! ते उपसलं, सगळं पुसून कोरडं केलं. बॉयलर धड आहे, पण त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड भिजलं. कार्ड म्हणजे बॉयलरचा मेंदू."

"सुटं कार्ड नाही?"

"तेच तर! कारखाना कशानेही बंद पडू नये हे बघणं हेच माझं काम. बारा वर्षांपूर्वी मी आपत्तीची पेटी तयार केली. तीत सुटं कार्ड, बॉयलर चालवायच्या लेखी पद्धतीची एक प्रत, फोनची यादी. आज सगळ्यांसमोर ती उघडली, तर कार्डाच्या जागी फडक्यात गुंडाळलेला लाकडाचा ठोकळा आणि भंगारातले नटबोल्ट!"

"कुलूप? सील?"

"दोन्ही शाबूत. सीलाचा क्रमांकही तोच. किल्ली माझ्याकडे, सीलं माझ्याकडे. मग चोर कोण, हे कुणी विचारलंच नाही. मालक म्हणाले, सहा वाजता किल्ल्या ठेवा आणि चालू लागा." बाईंनी ओला पदर पिळला. "आग लागली तर काय, पूर आला तर काय, हे मी दिवसभर विचारते, म्हणून कामगार मला पनवती म्हणतात. ते मी हसून घेते. पण चोर कधी कुणी म्हटलं नव्हतं."

"आणि आज वाफ झाली नाही तर?"

"सहापर्यंत वाफ हवी, नाहीतर उद्या सकाळच्या अकरा शस्त्रक्रिया रद्द."

वहिनी उठल्या. "भावजी, छत्री नको, भिंग घ्या."

पेटी वरच्या मजल्यावर घडीच्या खोलीत, वजनाच्या काट्याशेजारी होती. तिच्या कडीला दोरीने वही बांधलेली. भावजी वही वाचू लागले.

"एक तारीख, चौदा किलो तीनशे. एक तारीख, चौदा किलो तीनशे... वहिनी, हे पाढे म्हटल्यासारखं आहे."

"पेटी उघडायची तर सील तोडावं लागतं," बाईंनी सांगितलं. "म्हणून दर एक तारखेला मी ती नुसती काट्यावर ठेवते. वजन सारखं म्हणजे आत सगळं जागच्या जागी. वजन मीच करते, लिहितेही मीच."

"शेवटची कधी उघडली?"

"चार महिन्यांपूर्वी. फोनची यादी बदलायला. मालकांची सही आहे बघा. तेव्हा कार्ड आत होतं, मी स्वतः पाहिलं."

"मालकांनी पाहिलं?"

"ते दारात फोनवर बोलत होते," बाई खाली बघत म्हणाल्या.

वहिनी पेटीमागे वाकल्या. दोन्ही बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. पेटीवर धूळ होती, पण बिजागऱ्यांच्या सळ्या लख्ख. वहिनींनी बोट फिरवलं तर त्याला काळं ग्रीस लागलं.

"या सळ्या ठोकून काढल्या की झाकण मागून उघडतं. सील बिचारं पुढे पहारा देत बसतं!"

"म्हणजे कुणीही उघडू शकत होतं!" भावजी उत्साहाने म्हणाले.

"बाईंसकट कुणीही. एवढ्याने त्या सुटत नाहीत. आतली यादी वाचा."

"सुटं कार्ड, नग एक. छापील वजन एक किलो शंभर. पुढे बॉयलरची पद्धत आहे. त्यात लाल शाईत लिहिलंय, भिजलेलं कार्ड तीन दिवस वाळवल्याशिवाय त्याला वीज देऊ नये."

वहिनींनी ठोकळ्याचं गाठोडं काट्यावर ठेवलं. एक किलो तीनशे.

"दोनशे ग्रॅम इकडेतिकडे," भावजी म्हणाले. "चोराने अंदाजाने भरलं असेल."

वहिनी काट्याकडे वाकल्या. काट्याच्या कडेला दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर अडीच महिन्यांपूर्वीची अठरा तारीख होती.

मालक आपल्या खोलीत कपाळाला हात लावून बसले होते. "बारा वर्षं मी या बाईंवर विश्वास ठेवला. पण किल्ली त्यांची, सील त्यांचं. मी काय समजायचं?"

"समजायची घाई सहापर्यंत थांबवा," वहिनी म्हणाल्या.

मालकांचे जावई कारखान्याचे व्यवस्थापक होते. शहराबाहेर नवी इमारत बांधावी, असं त्यांचं दोन वर्षं चाललं होतं.

"ही जागाच भिकार आहे. पेटीबिटीची नाटकं करण्यापेक्षा इथून हलावं, असं मी कधीपासून सांगतोय!"

"म्हणजे कारखाना बंद पडला तर तुमचं म्हणणं खरं ठरेल."

"अहो, रुग्णालय हातचं गेलं तर नव्या इमारतीत काय माझे शर्ट धुऊ?"

वहिनींना हसू आलं. "वजनाचा काटा कुणी दुरुस्त करून घेतला?"

"मीच. प्रत्येक गाठोड्यामागे दोनशे ग्रॅम जास्त दाखवायचा. रुग्णालयाने तक्रार केली. दुरुस्तीनंतर बिलं उतरली आणि सासरेबुवांनी चार दिवस अबोला धरला. घडीच्या बायका, गाडीवाले, सगळ्यांच्या तोंडी आठवडाभर तोच विषय होता."

"आणि पेटीच्या वहीत?"

जावई गोंधळले. "वहीशी त्याचा काय संबंध?"

"हेच मलाही आधी वाटलं असतं," वहिनी म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

खाली बॉयलरची खोली पुसून कोरडी केली होती. मिस्त्री स्टुलावर बसले होते. त्यांच्यासमोर पंख्याच्या वाऱ्यात भिजलेलं कार्ड टांगलं होतं. त्याच्या कोपऱ्यांत अजून गाळ होता. शेजारच्या लोखंडी कपाटाला कुलूप होतं.

"सहाला वाफ देतो, सांगा मालकांना," मिस्त्री म्हणाले. "शब्द आहे माझा."

"नवं कार्ड नसताना?"

"हाताला यश लागतं, बाई. सव्वीस वर्षं झाली इथे. कागद वाचून बॉयलर चालत नसतो."

"सव्वीस वर्षांत रजा घेतली की नाही?"

"एकदाच. मुलीच्या बाळंतपणाला, पंधरा दिवस. अडीच महिने झाले. दहा तारखेला गेलो, पंचवीसला हजर."

"तेव्हा बॉयलर कोण बघत होतं?"

"शेजारच्या साबणाच्या कारखान्यातला एक जण येऊन बसायचा." मिस्त्रींनी तोंड पंख्याकडे वळवलं.

"आल्यावर वरच्या लोकांनी सांगितलं असेल ना, मागे काय काय झालं ते?"

"वरचे लोक माझ्याशी कुठे बोलतात! मी पगाराच्या दिवशी वर जातो. माझं राज्य हे एवढंच."

वहिनींनी दाराशी टांगलेल्या डब्यातलं काळं ग्रीस पाहिलं आणि त्या बाहेर आल्या. बाई जिन्यात उभ्या होत्या.

"साबण कारखान्यातल्या बॉयलरवाल्याला बोलवू का? अडचणीत एकमेकांना माणूस द्यायचा, असा त्यांच्याशी करार आहे. माझ्या योजनेत आहे ते."

"योजनेत आहे तर मला कशाला विचारता?"

"कार्डच नाही तर माणूस येऊन काय करणार, असं मालक म्हणतात."

"तुमच्या हातात किल्ल्या अजून आहेत. बोलवा!"

सव्वाचारला वहिनींनी सगळ्यांना घडीच्या खोलीत गोळा केलं. मालक, जावई, मिस्त्री आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाई. भावजींनी पेटी काट्यावर ठेवून आत ठोकळ्याचं गाठोडं टाकलं. काट्याने चौदा किलो तीनशे दाखवलं.

"बघा," मालक म्हणाले, "वजन कधी बदललंच नाही!"

"तोच पुरावा आहे. वजन बदलायला हवं होतं."

वहिनींनी काट्यावरच्या दुरुस्तीच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"अडीच महिन्यांपूर्वीपर्यंत हा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. म्हणजे पेटीचं खरं वजन चौदा किलो शंभर. अठराला काटा दुरुस्त झाला. पुढच्या एक तारखेला त्याने चौदा किलो शंभर दाखवायला हवं होतं. वहीत आहे चौदा किलो तीनशे. बाई, तुम्ही फसलात."

बाईंनी तोंडावर हात नेला. "सारखं दिसलं म्हणून मी तेच लिहून मोकळी झाले. सारखं असणंच चूक होतं!"

"कार्ड एक किलो शंभर आणि ठोकळा एक किलो तीनशे. भावजी, तो अंदाज नव्हता. चोराने वहीतला आकडा वाचला आणि काटा तिथे येईपर्यंत नटबोल्ट भरले. काटा मधल्या काळात बदलला हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे चोरी झाली अठरा तारीख ते एक तारीख यांच्यामध्ये. चार महिन्यांपूर्वी नाही."

"पण ती तेव्हाही या बाई करू शकल्या असत्या," मालक म्हणाले.

"त्यांना वजन जुळवायची गरजच काय? वही त्यांची, आकडा त्यांचा. मनाला येईल ते लिहिलं असतं तरी कोण विचारणार होतं? वजन जुळवायची धडपड तोच करतो, ज्याच्या हातात वही नाही."

मालकांची मान खाली गेली.

"आता काट्याची दुरुस्ती कुणाला ठाऊक नव्हती? जावईबापूंनी ती स्वतः करवून घेतली. तुम्ही तिच्यापायी अबोला धरलात. वरच्या मजल्यावर आठवडाभर तीच चर्चा. फक्त एक माणूस त्या दिवसांत रजेवर होता. पंचवीसला आला, आणि वरचे लोक त्याच्याशी बोलत नाहीत."

मिस्त्री उसळले. "रजेवर गेलो हा गुन्हा झाला?"

"नाही. ग्रीसही तुमच्या डब्यातून कुणीही उचललं असेल. पण भिजलेलं कार्ड तीन दिवस वाळवावं लागतं. त्याच्या कोपऱ्यांतला गाळ तुम्ही अजून काढलेला नाही, आणि वाफ मात्र सहाला देणार! कोरडं कार्ड जवळ असल्याशिवाय असा शब्द कुणी देत नाही. मिस्त्री, कपाट तुम्ही उघडता की कुलूप तोडू?"

 मिस्त्रींनी खिशातून किल्ली काढून भावजींच्या हातावर ठेवली. भावजी धावत गेले आणि धापा टाकत आले. त्यांच्या हातात कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरचं, चंदेरी पिशवीतलं कोरं कार्ड होतं.

"चोरून विकायचं नव्हतं मला," मिस्त्री म्हणाले. "पंधरा दिवस गावी होतो. बॉयलर अडेल, म्हणून रोज फोन उशाशी घेऊन बसायचो. एकही फोन आला नाही हो! परत आलो तर या बाई दारातूनच हसून एवढंच म्हणाल्या, काळजी करू नका, कागदावर बघून सगळं नीट चाललं. सव्वीस वर्षं मी जे शिकलो, ते त्यांनी नऊ पानांत बसवलं. एकदा तरी हा कारखाना माझ्यावाचून अडावा, एवढंच वाटत होतं."

"आणि मी चोर ठरले ते?" बाईंनी विचारलं.

"ते मनात नव्हतं."

"सकाळी माझ्यावर आळ आला तेव्हा तुम्ही समोर उभे होतात."



"चालते व्हा!" मालक ओरडले आणि लगेच त्यांचा आवाज उतरला. "पण... बॉयलर कोण लावणार?"

"मी आलोय," दारातून कुणीतरी म्हणालं. साबण कारखान्यातला बॉयलरवाला परवाना हातात धरून केव्हाचा उभा होता.

मालकांनी बाईंकडे पाहिलं. ते माफी मागायला पुढे झाले.

"नंतर," बाई म्हणाल्या. "आधी वाफ."

सगळे खाली आले. कार्ड बसलं. बॉयलरवाल्याने लेखी पद्धत समोर धरली, एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि तिसऱ्या झडपेवर हात ठेवला.

"थांबा!" दाराबाहेरून मिस्त्री म्हणाले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. "पाण्यात राहिली की ती झडप धरून बसते. आधी अर्धा फेरा उलटा द्या, मग उघडा. जोर केलात तर दांडा तुटेल. ते कागदावर नाही."

बॉयलरवाल्याने तसं केलं. झडप कुरकुरली आणि सुटली.

बाई मिस्त्रींकडे वळल्या. मग त्यांनी पद्धतीचे कागद उलटे केले आणि पेन उघडलं.

"आणखी काय काय कागदावर नाही?"

"बरंच आहे," मिस्त्री पुटपुटले.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण आत या आणि सांगा. सावकाश सांगा, मला एकही शब्द चुकवायचा नाही."

मिस्त्री उंबऱ्याच्या आत आले. आधी अडखळत, मग न थांबता बोलू लागले. सहाला पाच मिनिटं असताना वाफ आली, तेव्हा बाई चौथं पान लिहीत होत्या.